मृत्युपत्र, नॉमिनी आणि ट्रस्ट : वाचकांचे प्रश्न

मालमत्तेच्या वाटपाविषयी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. मृत्युपत्र लिहून झाले की काम संपले, असा समज बहुतेक पत्रांत दिसतो. पण ते उघडले जाते तेव्हा लिहिणारा खुलासा करायला नसतो. त्याची सही, त्याची मनःस्थिती, त्याचा हेतू हे सगळे दुसऱ्यांनाच सिद्ध करावे लागते. खालच्या उत्तरांत भर आहे तो त्यावर. वेगळे सांगितले नसेल तिथे उत्तर हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असलेल्यांसाठी, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख वाचकांसाठी आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मृत्युपत्र स्टॅम्प पेपरवर करायचे की साध्या कागदावर? नोटरी केली तर चालेल का? नोंदणी सक्तीची आहे का? (वाचक, सांगली)

उत्तर : साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. हाताने लिहा किंवा टाइप करून घ्या, भाषा तुम्हाला नीट समजणारी हवी. नोंदणी सक्तीची नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने ती ऐच्छिक ठेवली आहे. नोटरीच्या शिक्क्याने मृत्युपत्र वैध होत नाही आणि तो नसल्याने अवैधही होत नाही.

खरी अट भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मध्ये आहे. तुम्ही सही किंवा अंगठा करायचा आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन करायचे. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझीच’ असे तुम्ही त्याला स्वतः सांगितलेले असावे. आणि त्याने त्याची सही तुमच्यादेखत केलेली असावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. तरीही तिघांनी एकाच टेबलाशी बसून, एकाच पेनाने सह्या कराव्यात. पुढे उलटतपासणीत ‘कोण आधी आले, कोण नंतर’ हा प्रश्नच उरत नाही.

नेहमी चुकते ते इथे. घरी सही करून कागद शेजाऱ्याकडे पाठवला जातो, ‘काका, इथे सही करा’ म्हणून. शेजारी करतो. दहा वर्षांनी न्यायालयात तो प्रामाणिकपणे सांगतो की सही होताना मी नव्हतो, मृत्युपत्र आहे हेही मला ठाऊक नव्हते. मृत्युपत्र तिथेच अडकते. साक्षीदार हयात असेल, तर त्यांपैकी निदान एकाला न्यायालयात तपासावे लागते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६७ आहे. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने बरेच लहान, सहज सापडणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे निवडा. त्यांचे पूर्ण नाव, वय आणि पत्ता लिहा. मजकूर त्यांना वाचून दाखवण्याची गरज नाही. हे मृत्युपत्र आहे एवढे सांगा.

लाभार्थीच साक्षीदार झाला तर? ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीच्या मृत्युपत्रात त्या साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेला हिस्सा भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या (साक्ष्य अधिनियमाच्या नव्हे) कलम ६७ नुसार रद्द होतो. हिंदूंना ते कलम लागू नाही, त्यामुळे हिस्सा आपोआप जात नाही, पण संशयाला जागा होते आणि ती भरून काढायला वर्षे जातात. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावे : मृत्युपत्रानंतर विवाह केला तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते. हिंदूंच्या बाबतीत तसे होत नाही.

नोंदणी ऐच्छिक असली तरी करावी असेच आम्ही सांगू. दुय्यम निबंधकांसमोर तुम्ही स्वतः गेलात, फोटो आणि अंगठ्याचा ठसा झाला, प्रत सरकारी दप्तरात राहिली. ‘सही खोटी आहे’ किंवा ‘कागद नंतर बनवला’ हा आरोप मग फारसा टिकत नाही. पण नोंदणी म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे. संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगितले आणि आजही निकाल त्याच कसोटीवर होतात. संशयास्पद काय? थरथरती सही, आजारपणात अखेरच्या दिवसांत केलेले मृत्युपत्र, बायको किंवा मुलांना कारण न देता वगळणे आणि सर्वांत जास्त म्हणजे, ज्याला सगळे मिळते त्यानेच वकील गाठणे, कागद करून घेणे, साक्षीदार आणणे. एखाद्या मुलाला कमी देत असाल, तर त्याचे कारण दोन ओळींत, शांत भाषेत लिहा. ‘धाकट्याच्या व्यवसायासाठी याआधी रक्कम दिली आहे’ एवढे वाक्य पुरते. राग काढायची ही जागा नाही. कडवट शब्द पुढे ‘मन ठिकाणावर नव्हते’ याचा पुरावा म्हणून वापरले जातात.

वय सत्तरीपुढे असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. त्यात ‘प्रकृती ठीक’ असे नको. ‘मी यांच्याशी बोललो, यांना आपली मालमत्ता, आपले कुटुंबीय आणि या दस्ताचा अर्थ कळतो’ असे हवे. तेच डॉक्टर साक्षीदार झाले तर फारच उत्तम. व्हिडिओ करायचा तर करा, पण तो सह्यांच्या जागी चालत नाही. मोबाइलवर लिहून डिजिटल सही केलेले मृत्युपत्रही चालत नाही; माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेले आहे.

प्रश्न : सोसायटीत आमच्या फ्लॅटला वडिलांनी भावाला नॉमिनी केले होते. वडील गेले, मृत्युपत्र नाही. भाऊ म्हणतो फ्लॅट आता माझा. (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५४ब-१३ तर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घ्या असे सांगते. वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ज्याचा हक्क ठरेल तो सभासद होईपर्यंतच. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच म्हटले.

मृत्युपत्र नसल्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये आई, तुम्ही, भाऊ आणि इतर भावंडे सगळ्यांचा समान वाटा. आजी, म्हणजे वडिलांची आई हयात असेल, तर तिचाही तेवढाच. हे अनेकांना ठाऊक नसते. मृत माणसाची आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील नाहीत. सोसायटीला लेखी कळवा की नॉमिनीच्या नावे कायम हस्तांतर करू नये, आणि पोच घ्या. भाऊ विक्रीच्या तयारीत असेल तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा करून मनाई हुकूम मागावा लागेल.

विम्यात मात्र एक अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांच्याच मालकीची होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरसाठी फक्त एकामागून एक. फॉर्म भरताना हाताशी मृत्युपत्र ठेवा आणि दोन्हीकडची नावे जुळवा. फॉर्मवर एक नाव आणि मृत्युपत्रात दुसरे असले, की पैसे एकाकडे जातात आणि हक्क दुसऱ्याचा राहतो; वसूल करायला वारसालाच धावावे लागते.

प्रश्न : माझ्या पश्चात घर पत्नीला आणि तिच्या पश्चात मुलीला मिळावे असे लिहायचे आहे. एवढे एक वाक्य पुरेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : याच वाक्यावर सर्वाधिक दावे उभे राहतात. त्याचे अर्थच दोन-तीन निघतात. पत्नी पूर्ण मालक झाली असा अर्थ लावला, तर ‘तिच्या पश्चात’ हे शब्द निरर्थक ठरतात; पूर्ण मालकाने पुढे कोणाला द्यायचे हे तुम्ही ठरवू शकत नाही. पत्नीला फक्त हयातीपुरता उपभोग दिला असा अर्थ लावला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १४ आडवे येते. त्याचे दुसरे पोटकलम म्हणते, मृत्युपत्राने दिलेला मर्यादित हक्क मर्यादितच राहतो. पण पहिले पोटकलम आणि तुलसम्मा खटल्याचा १९७७ चा निकाल सांगतो की पत्नीच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची होते, मृत्युपत्रात काहीही मर्यादा घातली तरी. दोन्ही बाजूंचे निकाल आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणजे ‘हयातीपुरते’ लिहून तुम्ही मुलीच्या वाट्याला एक खटला ठेवून जाल.

आमच्या मते मालकी सरळ मुलीला द्यावी आणि पत्नीला आजन्म राहण्याचा हक्क द्यावा. पण तो नुसता ‘राहू द्यावे’ असा नको. घर मुलीने विकले किंवा गहाण टाकले तरी हा हक्क घेणाऱ्यावर बंधनकारक राहील, असे लिहा. सोसायटीची मासिक वर्गणी, मालमत्ता कर, दुरुस्ती कोण भरेल ते लिहा. पत्नीला भाडेकरू ठेवायचा अधिकार आहे का, ती मुलाकडे किंवा वृद्धाश्रमात राहायला गेली तर भाडे कोणाचे, हेही. मालकी देऊन विक्रीवर कायमची बंदी घालणे टिकत नाही, त्या वाटेला जाऊ नका. आणि असे मृत्युपत्र नोंदवाच, म्हणजे उद्याच्या खरेदीदाराला ‘मला माहीत नव्हते’ म्हणणे कठीण जाईल.

पत्नीच्या खर्चासाठी घर विकावेही लागेल अशी स्थिती असेल, किंवा मुलीवर सोपवण्याइतका विश्वास नसेल, तर मृत्युपत्रानेच ट्रस्ट करावा. तो कसा, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमचा मुलगा २४ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, पैशांचे व्यवहार तो करू शकत नाही. मोठी मुलगी समंजस आहे. सगळे तिच्या नावे करून ‘भावाला सांभाळ’ असे लिहावे का? की ट्रस्ट करावा? आणि त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : शेवटचे आधी. धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक ट्रस्ट जातात. एका मुलासाठीचा ट्रस्ट खासगी असतो, त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो, आणि त्याची धर्मादाय कार्यालयात नोंद नसते.

सगळे मुलीच्या नावे करून फक्त विनंती लिहू नका. मालमत्ता तिची झाली की ती तिच्या कर्जदारांची, घटस्फोटातल्या वादाची आणि तिच्या वारसांचीही होते. ती भावाआधी गेली तर घर तिच्या पती-मुलांकडे जाईल आणि ‘सांभाळ’ हा शब्द कागदावर राहील. मुलीच्या भलेपणाचा इथे प्रश्नच येत नाही.

ट्रस्टमध्ये मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असते, पण ती वापरायची फक्त मुलासाठी. पाच गोष्टी स्पष्ट हव्यात : ट्रस्ट करण्याचा हेतू, उद्देश, लाभार्थी, मालमत्ता आणि ती विश्वस्तांकडे प्रत्यक्ष सोपवणे. पाचवी गोष्ट राहते आणि ट्रस्ट कागदावरच राहतो. दस्त झाला, पण मुदत ठेवी वडिलांच्याच नावे राहिल्या, ट्रस्टचे पॅन काढले नाही, बँकेत खाते उघडले नाही. मग वडील गेल्यावर त्या ठेवी नेहमीच्या वारसांतच वाटल्या जातात. मृत्युपत्राने केलेल्या ट्रस्टला हे हस्तांतर हयातीत करावे लागत नाही; तो तुमच्या मृत्यूनंतर सुरू होतो.

हयातीत ट्रस्ट करायचा की मृत्युपत्रातून? हयातीत केला तर तुम्ही स्वतः काही वर्षे चालवून पाहता, विश्वस्त कसे वागतात ते कळते आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात तरी मुलाचा खर्च अडत नाही. यात घर घालायचे असेल तर नोंदणीकृत दस्त आणि घराच्या किमतीवर मुद्रांक शुल्क लागते, ही मोठी रक्कम होते. म्हणून रीत अशी की ट्रस्ट आता थोड्या रकमेने सुरू करायचा, त्यात दरवर्षी भर घालायची आणि घर मृत्युपत्राने विश्वस्तांना द्यायचे. मृत्युपत्रात ट्रस्टच्या दस्ताची तारीख आणि विश्वस्तांचा नेमका उल्लेख करा.

कराची बाजूही बघा. ट्रस्ट रद्द करण्याची मुभा स्वतःकडे ठेवलीत तर उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरले जाते. लाभार्थ्यांचे वाटे ठरवणे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले तर सर्वोच्च दराने कर बसतो. मुलगा एकटाच लाभार्थी आणि त्याचा वाटा शंभर टक्के असे स्पष्ट लिहिले, तर त्याच्या दराने आकारणी होते. केवळ अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्राने केलेल्या एकमेव ट्रस्टलाही सर्वोच्च दरातून सूट आहे. ‘एकमेव’ हा शब्द विसरून दोन मुलांसाठी दोन ट्रस्ट केले की ती जाते. वारसा म्हणून मिळालेल्या मालमत्तेवर भारतात कर नाही; संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले.

विश्वस्त कोण, हा सर्वांत कठीण भाग. मुलगी एकटीच विश्वस्त आणि मुलाच्या पश्चात उरलेली मालमत्ताही तिलाच, अशी रचना नेहमी दिसते. याचा अर्थ भावावर खर्च न केलेला प्रत्येक रुपया तिचा होतो. ती कितीही चांगली असली तरी तिला या कोंडीत टाकू नका, कारण महागड्या उपचाराला ती सरळ मनाने नाही म्हणाली तरी लोक बोट दाखवतील. तीन विश्वस्त ठेवा : मुलगी, तिच्यापेक्षा वेगळ्या शाखेतला एखादा नातेवाईक, आणि एक बाहेरचा, म्हणजे सनदी लेखापाल किंवा विश्वस्त म्हणून काम करणारी संस्था. निर्णय बहुमताने. दरवर्षी हिशेब तपासून घेणे बंधनकारक. एकदा पद स्वीकारले की विश्वस्ताला मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही, म्हणून राजीनामा कसा द्यायचा, रिकामी जागा कोणी भरायची आणि तिन्ही जागा रिकाम्या झाल्या तर काय, हे दस्तातच लिहा. गुंतवणुकीचे अधिकारही लिहा. नाही लिहिले तर कायद्याने ठरवलेल्या मर्यादित प्रकारांतच पैसे गुंतवता येतात.

खर्चाचे कलम मोघम ठेवू नका. ‘कल्याणासाठी’ या एका शब्दावर विश्वस्त घाबरून काहीच खर्च करत नाहीत. मदतनीसाचा पगार, औषधे, थेरपी, दात आणि डोळे, कपडे, सहल, वाढदिवस असे लिहा. त्याला कोणत्या आवाजाची भीती वाटते, कोणती गोळी दुधाबरोबर घेतो, रात्री दिवा लागतो की नाही, हे वेगळ्या पत्रात लिहून विश्वस्तांकडे ठेवा आणि दरवर्षी ते पत्र नव्याने लिहा. दस्तात हे नको, कारण ते बदलत राहणार.

ट्रस्ट पैसे सांभाळतो, माणूस नाही. शस्त्रक्रियेची संमती, राहण्याची जागा हे निर्णय घ्यायला कायद्याने नेमलेला पालक (गार्डियन) लागतो. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातली स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तुमच्या हयातीतच अर्ज करा. पालक आणि मुख्य विश्वस्त या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. आणि तुमच्यापैकी कोणी सरकारी नोकरीत असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचे नाव आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र कार्यालयात आताच नोंदवा. नंतर ते पुरे करायला कोणी उरत नाही.

प्रश्न : मृत्युपत्रात एका भाच्याचे नाव पेनाने खोडून दुसऱ्याचे लिहिले आणि शेजारी सही केली. चालेल ना?

उत्तर : नाही. सही झाल्यानंतरची खाडाखोड भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ७१ नुसार निष्प्रभ असते, तुमच्या सहीबरोबर तिथेच दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर. जुने नाव वाचता येत असेल तर तेच लागू राहील. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करा, त्याच पद्धतीने, दोन साक्षीदारांसह. मोठा असेल तर नवे करा आणि पहिल्याच परिच्छेदात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे लिहा. जुने नोंदवलेले असेल तर त्याचा दस्त क्रमांकही द्या.

प्रश्न : वडिलोपार्जित शेतजमीन मला मुलांना द्यायची आहे, मुलींना लग्नात दिले आहे. तसे मृत्युपत्र करता येईल? (वाचक, लातूर)

उत्तर : जमीन तुमच्याकडे कशी आली ते आधी बघा. सातबारा नको, जुने फेरफार काढा. १९५६ नंतर वडील मृत्युपत्राविना वारले आणि त्यांची स्वतंत्र मालमत्ता वारस म्हणून तुम्हाला मिळाली असेल, तर ती तुमच्या मुलांच्या संदर्भात वडिलोपार्जित ठरत नाही; तुमची आहे आणि हवी तशी देता येते. फेरफाराला ‘वारसाने’ लिहिले म्हणून वडिलोपार्जित समजणारे गावोगाव आहेत.

एकत्र कुटुंबाच्या वाटणीत जमीन आली असेल तर गोष्ट वेगळी. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे २०२० च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट केले. लग्नात काय दिले याचा इथे संबंध नाही. तुम्ही, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असाल, तर काल्पनिक वाटणीत, म्हणजे तुमच्या मृत्यूच्या आधी वाटणी झाली असे धरून केलेल्या हिशेबात, महाराष्ट्रात पत्नीलाही वाटा मिळतो आणि प्रत्येकी एक पंचमांश येतो. मृत्युपत्राने तुम्ही देऊ शकता तो तुमचा एक पंचमांश. ‘संपूर्ण गट मुलांना’ असे लिहिले तरी तेवढ्यापुरतेच चालेल. मुली खरोखर राजी असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा सरळ मार्ग आहे.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे कळवावे लागते. सर्व वारसांना नोटिसा जातात, कोणी हरकत घेतली तर नोंद तक्रारी होते. आणि नोंद झाली म्हणून मालकी ठरत नाही. ती ठरवायची दिवाणी न्यायालयाने.

प्रश्न : मी विधवा आहे, मूल नाही. नोकरीच्या कमाईतून फ्लॅट घेतला. मृत्युपत्र नसेल तर तो माझ्या बहिणीला मिळेल का?

उत्तर : नाही, तुमच्या पतीच्या वारसांना मिळेल : सासूबाई असतील तर त्या, नसतील तर दीर-नणंदांपर्यंत. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार निपुत्रिक विधवेच्या मालमत्तेत पतीचे वारस तिच्या आई-वडिलांच्याही आधी येतात, मग पैसा तिने स्वतः कमावलेला का असेना. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परत जाते. त्यांनी बक्षीसपत्राने दिलेली किंवा त्यांच्या पैशांनी तुम्ही घेतलेली नाही. तुम्ही तर मृत्युपत्र या महिन्यातच करा. बहीण तुमच्याआधी गेली तर कोणाला, हेही लिहा, कारण ज्याला दिले तो आधी वारला तर सर्वसाधारणपणे देणगी रद्द होते. फक्त ती व्यक्ती तुमचे मूल किंवा नातवंड असेल आणि तिला मुले असतील, तरच ती देणगी टिकते.

प्रश्न : मृत्युपत्रात फ्लॅटचा क्रमांक लिहिला आहे. आता सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे.

उत्तर : मग आजच बदला. ठरावीक वस्तू दिली आणि मृत्यूच्या वेळी ती तुमच्या मालकीची उरली नाही किंवा तिचे रूप बदलले, तर ती देणगी संपते, असे भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम १५२ सांगते. जुना फ्लॅट पाडला, नव्याचा ताबा यायच्या आत मृत्यू झाला, तर काय मिळायचे यावर वाद घालता येतो. ‘हा फ्लॅट, किंवा त्याऐवजी पुनर्विकासात मिळणारी कोणतीही जागा, पर्यायी निवासाचे भाडे, कॉर्पस रक्कम आणि विकासकाकडून मिळणारे इतर सर्व हक्क’ असे शब्द घाला. आणि शेवटी, इतरत्र उल्लेख नसलेली सर्व मालमत्ता कोणाला, हे एक कलम प्रत्येक मृत्युपत्रात हवेच. ते नसेल तर राहिलेली मालमत्ता मृत्युपत्र नसल्यासारखी वाटली जाते.

प्रश्न : मुंबईत प्रोबेट अजून सक्तीचे आहे का?

उत्तर : नाही. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रातल्या हिंदू मृत्युपत्रांना ही सक्ती होती, पुणे किंवा नागपूरला नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २१३ वगळले आणि सक्ती गेली. प्रोबेट घेण्याची सोय मात्र आहे. वारसांत वाद दिसत असेल तर ते आधीच घ्यावे. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारी व्यक्ती, नेमलेली असेल तरच प्रोबेट मिळते. नसेल तर मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र, म्हणजे वाटपाचा अधिकार देणारे न्यायालयाचे पत्र, घ्यावे लागते. तेव्हा एक्झिक्युटर नेमा आणि पर्यायीही एक. सक्सेशन सर्टिफिकेट (उत्तराधिकार प्रमाणपत्र) फक्त येणी आणि रोख्यांपुरते असते, घरासाठी नाही.

प्रश्न : आम्ही मुस्लिम आहोत. दोन साक्षीदारांचा नियम आम्हाला लागू आहे का? (वाचक, औसा)

उत्तर : कलम ६३ लागू नाही, तोंडी वसियतही (मृत्युपत्रही) चालते. तरी पुराव्यासाठी लेखी आणि साक्षीदारांसहच करा. दफनविधीचा खर्च आणि कर्जे वजा जाऊन उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच वसियत करता येते. त्याहून जास्त द्यायचे तर वारसांची संमती लागते. सुन्नी कायद्यात वारसालाच काही द्यायचे असेल तर इतर वारसांची संमती मृत्यूनंतर लागते.

प्रश्न : मूळ प्रत कुठे ठेवावी?

उत्तर : बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावाने ठेवू नका. लॉकर उघडायला बँक कागद मागते आणि तो कागद लॉकरमध्येच असतो. एक्झिक्युटरकडे ठेवा, घरातल्या एकाला जागा माहीत असू द्या. किंवा नोंदणी कायद्याच्या कलम ४२ खाली बंद पाकिटात निबंधकांकडे ठेवता येते. पाकिटावर तुमचे नाव आणि दस्ताचे स्वरूप लिहायचे. हयातीत तुम्हाला ते परत घेता येते. मृत्यूनंतर कोणीही अर्ज केला की निबंधक ते अर्जदारासमोर उघडतात, पुस्तकात नक्कल करतात, आणि मूळ प्रत कार्यालयातच राहते. ठेवल्याची पावती मात्र घरात, सापडेल अशा जागी ठेवा, आणि तिची छायाप्रत एक्झिक्युटरला द्या.